लाल रक्तपेशी, एक लाखपट : शाळेतील प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लाल रक्तपेशीची प्रतिकृती करावयाची, असे आज ठरले. गटात नववीचे पाच विद्यार्थी आहेत. नोंदवही ठेवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे, कारण मागच्या वर्षी ते मुलांकडे सोपवले होते आणि तीन महिन्यांच्या नोंदी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एकाच शाईने लिहिल्या गेल्या होत्या.

प्रकल्पाचा प्रश्न एकच ठेवला आहे : ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी ही पेशी कशी घडलेली आहे? मुलांनी पाठ्यपुस्तकातील उत्तर लगेच दिले. पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते, त्यामुळे तिचे पृष्ठफळ वाढते आणि ऑक्सिजन अधिक शोषला जातो. उत्तर चुकीचे नाही. परंतु पृष्ठफळ किती वाढते आणि कोणत्या आकाराच्या तुलनेत वाढते, असे विचारल्यावर सगळे गप्प झाले. मलाही आकडा तोंडपाठ नव्हता. तेव्हा पहिले काम आकडे जमवण्याचे.

२९ जून, शनिवार

माणसाच्या लाल पेशीचा व्यास साधारण ७.५ मायक्रॉन, कडेची जाडी २ ते २.५ मायक्रॉन आणि मधली जाडी सुमारे १ मायक्रॉन धरली आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक लाखपट मोठी केल्यास प्रतिकृती ७५ सेंटिमीटर रुंद, कडेला २२ सेंटिमीटर आणि मध्ये १० सेंटिमीटर जाड होईल. पेशीचे आकारमान सुमारे ९० घनमायक्रॉन असते. ते याच प्रमाणात ९० लिटर होते, म्हणजे घरात पाणी साठवण्याचे एक मध्यम पिंप. एक घनमिलिमीटर रक्तात अशा ५० लाखांच्या आसपास पेशी असतात. ९० ला ५० लाखांनी गुणून पाहिल्यावर रक्ताचे जवळजवळ ४५ टक्के आकारमान पेशींनीच व्यापलेले निघाले, आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात हिमॅटोक्रिट या नावाने छापलेला आकडा तो हाच, हे मुलांच्या ध्यानात आले.

खरी गंमत हिमोग्लोबिनच्या, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या लाल प्रथिनाच्या, हिशोबात आली. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येकाचा व्यास ५ ते ६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) असतो. लाखपट मोठा केलेला रेणू अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा, म्हणजे रव्याच्या कणाएवढा होतो. एका विद्यार्थिनीने घरून चाळलेला रवा आणला. प्रयोगशाळेच्या तराजूवर एक दशांश ग्रॅम रवा तोलून, काळ्या कागदावर पसरून, टाचणीने कण मोजले असता ते आठशेच्या आसपास भरले. त्यावरून एका ग्रॅममध्ये ८,००० कण आणि २७ कोटी कणांसाठी सुमारे ३४ किलो रवा लागेल. नव्वद लिटरच्या पिंपात ३४ किलो रवा कालवला तर जो प्रकार होईल, तो लाल पेशीचा अंतर्भाग. पेशीच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या एकाच प्रथिनाचा असतो.

एवढी गर्दी असूनही हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते, याचे महत्त्व ते विरघळलेले न राहिल्यास काय होते ते पाहिल्यावर कळते. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल असते. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि पेशी ताठ व विळ्याच्या आकाराची होते. गडचिरोली, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. तो हिमोग्लोबिनच्या रेणूतच असलेला दोष आहे, हे लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले होते.

६ जुलै, शनिवार

सूक्ष्मदर्शकाखाली तयार काचपट्ट्या पाहिल्या : एक माणसाच्या रक्ताची, एक बेडकाच्या. माणसाच्या पेशीचा मधला भाग फिकट दिसतो आणि त्यामुळे दोन मुलांनी वहीत चक्क मेदूवडे काढले. भोक नसून तेथे पेशी पातळ आहे, हे समजावण्यासाठी मी पेढ्याचे उदाहरण दिले. हलवाई पेढा अंगठ्याने दाबतो तसा हा पेढा दोन्ही बाजूंनी दाबलेला आहे. त्यानंतरच्या आकृत्या बऱ्या आल्या.

बेडकाच्या पेशी आकाराने कितीतरी मोठ्या, लंबगोल, आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद केंद्रक. पक्षी, सरपटणारे प्राणी, मासे यांच्याही लाल पेशींत सर्वसाधारणपणे केंद्रक असते. सस्तन प्राण्यांनी मात्र ते टाकून दिले आहे. अस्थिमज्जेत तयार होताना आपल्या लाल पेशीला केंद्रक असते. हिमोग्लोबिन बनवण्याचे काम बरेचसे उरकल्यावर पेशी ते केंद्रक बाहेर ढकलते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणारे पेशीतील भाग) आणि रायबोसोम (प्रथिने बनवणारे भाग) पुढच्या दोन-तीन दिवसांत नाहीसे होतात.

या त्यागाची किंमत मोठी आहे. केंद्रक नसल्यामुळे नवीन प्रथिने बनवता येत नाहीत, झीज भरून काढता येत नाही, आणि म्हणून पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचेच असते. शरीर विश्रांत असताना रक्ताची एक फेरी साधारण एका मिनिटात पुरी होते असे धरले, तर तेवढ्या आयुष्यात पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्या होतात. या खर्चाची भरपाई म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी पुरवाव्या लागतात.

मिळकतही तितकीच मोठी आहे. केंद्रकाची जागा हिमोग्लोबिनला मिळाली आणि पेशीच्या पोटात कडक गोळा उरला नाही, त्यामुळे ती हवी तशी दुमडता येऊ लागली. तंतुकणिका नसल्यामुळे ही पेशी ऑक्सिजन स्वतः वापरतच नाही. ती ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून, एका रेणूमागे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे अवघे दोन रेणू मिळवून भागवते. एका मुलाने विचारले की एवढ्या ऑक्सिजनमध्ये राहून ती उपाशी का राहते. प्रश्न चांगला होता, म्हणून तो तक्त्यावर घ्यायचे ठरले आहे.

कामट्यांचा सांगाडा बांधून झाला. सोमवारपासून कागदाच्या लगद्याचे थर द्यायचे.

१२ जुलै, शुक्रवार

सोमवारच्या पावसात शाळा भरली नाही. मंगळवारी दिलेला लगद्याचा पहिला थर आजही बोटाला ओला लागतो. एका विद्यार्थ्याचे मामा लालबागला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. त्यांनी थर पातळ द्या, लगद्यात मेथीची पूड घाला आणि पंख्याखाली ठेवा, असे सांगितले आहे. आम्ही थर जाड दिला होता.

१३ जुलै, शनिवार

आजचा पूर्ण वेळ हिमोग्लोबिनला दिला. या रेणूत चार साखळ्या असतात : १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाचा एक चपटा भाग बसलेला असतो आणि त्याच्या मध्यावर लोहाचा एक अणू. त्या लोहाला ऑक्सिजनचा एक रेणू चिकटतो. म्हणजे एका हिमोग्लोबिनवर चार ऑक्सिजन आणि एका पेशीत सगळ्या जागा भरल्यास शंभर कोटींहून अधिक.

लोहाला ऑक्सिजन मिळाला की ते गंजते, हे मुलांना खिडकीच्या गजांवरून माहीत आहे, त्यामुळे रक्तातले लोह का गंजत नाही हा प्रश्न अपेक्षितच होता. हीमभोवतीची प्रथिनाची खोबण लोहाला अशा रीतीने घेरून ठेवते की ऑक्सिजन त्याला धरतो, पण त्याचा इलेक्ट्रॉन कायमचा घेऊन जात नाही. पकड सैल झाली की तो जसा आला तसा निघून जातो. तरीही दररोज थोडे लोह खरोखरच गंजल्यासारखे होते आणि ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहण्यास निकामी ठरते. पेशीतील एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) ते पुन्हा पूर्ववत करत राहते. पेशी जी थोडी ऊर्जा मिळवते, तिच्यातला काही भाग या गंज काढण्याच्या कामी जातो.

लाल पेशी म्हणजे लोकल आणि ऑक्सिजन म्हणजे प्रवासी, अशी उपमा एका मुलाने सुचवली. मी ती फेटाळणार होतो, पण नेमकी कोठे मोडते ते पाहू म्हटले. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवणे किती कठीण असते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. आधीचे तिघे जेवढे ऐसपैस, तेवढा चौथा अर्धा बाहेर. हिमोग्लोबिनच्या बाकावर नेमके उलटे घडते. पहिल्या ऑक्सिजनला जागा मिळणे सर्वांत कठीण असते, तो बसला की साखळ्या एकमेकींच्या सापेक्ष किंचित फिरतात, पुढच्यांसाठी जागा सैल होते, आणि चौथी सीट सर्वांत सहज मिळते. उतरतानाही असेच : एक उतरला की उरलेल्यांना उतरणे सोपे. ही हालचाल समजण्यासाठी रेणूची त्रिमितीय रचना माहीत असणे आवश्यक होते. ती मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले.

या वागणुकीचा उपयोग आकड्यांत मांडला. फुप्फुसात ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायूंच्या मिश्रणातील त्याच्या वाट्याचा दाब) पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो आणि तेथे ९७ टक्के जागा भरतात. ऊतींतून परतणाऱ्या रक्तात दाब ४० च्या आसपास असतो, तरी ७५ टक्के जागा भरलेल्याच असतात. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसात चौथा हिस्साच उतरतो आणि बाकीचा शिलकीत राहतो. धावणाऱ्या स्नायूत दाब २० पर्यंत उतरला, तर भरलेल्या जागा एक तृतीयांशाच्या आसपास येतात. पेशीची पकड सगळीकडे सारखीच घट्ट असती, तर फुप्फुसात भरून घेणे आणि स्नायूत सोडून देणे ही दोन्ही कामे एकाच रेणूला जमली नसती.

पकड सैल करण्यासाठी पेशी आणखी एक युक्ती वापरते. ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवर, एका आडवळणाने, २,३-बायफॉस्फोग्लिसरेट नावाचा पदार्थ तयार होतो. लाल पेशीत तो भरपूर असतो. चार साखळ्यांच्या मधल्या पोकळीत तो पाचरीसारखा बसतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडावयास लावतो. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये ही पाचर नीट बसत नाही, म्हणून गर्भाचे रक्त आईच्या रक्ताकडून ऑक्सिजन घेऊ शकते.

हिमोग्लोबिन एवढे कर्तबगार असेल, तर त्याला पेशीत कोंडावेच कशाला, ते सरळ रक्तद्रवात का सोडू नये? वर्ग संपताना मीच हा प्रश्न विचारला आणि उत्तरही दिले, जे देऊ नये होते. मुलांना दोन दिवस विचार करू द्यायला हवा होता. एक लिटर रक्तात सुमारे १५० ग्रॅम हिमोग्लोबिन असते, तर रक्तद्रवातील सगळी प्रथिने मिळून लिटरला ७० ग्रॅमच्या आसपास भरतात. एवढे हिमोग्लोबिन मोकळे सोडले तर परासरणाचा दाब (पाणी ओढून घेण्याचा जोर) कितीतरी वाढेल, रेणूचे दोन तुकडे होऊन ते मूत्रपिंडातून वाहून जाऊ लागतील, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साईड त्याच्याकडून टिपला जाईल. हिमोग्लोबिनशिवायही चालणार नाही, कारण १०० मिलिलिटर रक्तद्रवात ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर विरघळतो, तर तेवढेच पूर्ण रक्त सुमारे २० मिलिलिटर वाहून नेते.

२० जुलै, शनिवार

मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे ताजे रक्त आणले. दुकानदाराने रक्ती करणार का, असे विचारले. प्रयोग म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. गोठू नये म्हणून बाटलीत सोडियम सायट्रेटचे द्रावण आधीच घालून ठेवले होते. हातमोजे सर्वांना सक्तीचे होते आणि रक्त हाताळण्याचे काम मी एकट्याने केले.

रक्ताचे दोन भाग केले. एका भागात फिश टँकच्या पंपाने हवा सोडली. दुसऱ्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून निघालेला कार्बन डायऑक्साईड सोडला. पहिल्याचा रंग लालभडक झाला, दुसरा काही मिनिटांत जांभळट काळपट पडला. मग नळ्यांची अदलाबदल केली, तेव्हा रंगांचीही अदलाबदल झाली. फेस मात्र एवढा आला की टेबल दोनदा पुसावे लागले.

काळपट होण्यामागे दोन कारणे एकत्र आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगितले. कार्बन डायऑक्साईडच्या बुडबुड्यांनी द्रावणातील ऑक्सिजन बाहेर काढला, ही एक बाजू. आणि आम्लता वाढल्याने हिमोग्लोबिनची पकड सैल झाली, ही दुसरी. दुसरी गोष्ट ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवली. शरीरात ज्या स्नायूने अधिक काम केले तेथे कार्बन डायऑक्साईड अधिक साठतो, आणि म्हणून तेथेच ऑक्सिजन अधिक उतरतो. परतीच्या प्रवासात तोच कार्बन डायऑक्साईड लाल पेशीत शिरतो, कार्बोनिक अॅनहायड्रेझ हे विकर क्षणार्धात त्याचे बायकार्बोनेट करते, आणि पेशीभोवतीच्या पटलातील एक प्रथिन ते बाहेर सोडून त्याच्या बदल्यात क्लोराईड आत घेते. परतीची बरीचशी वाहतूक अशी होते.

२२ जुलै, सोमवार

उरलेले रक्त फ्रीजमध्ये ठेवले होते. आज मिठाच्या पाण्याची चाचणी घेतली. तीन परीक्षानळ्या : ०.९ टक्के मीठ, ०.६ टक्के मीठ, आणि निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी. प्रत्येकीत रक्ताचे दोन थेंब टाकून, हलक्या हाताने मिसळून, अर्धा तास ठेवल्या. पेशी शाबूत असतील तर द्रावण गढूळ राहते आणि पेशी तळाशी बसतात. पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन बाहेर येऊन द्रावण पारदर्शक लाल होते. ऊर्ध्वपातित पाण्याच्या नळीमागे धरलेल्या वर्तमानपत्राची ओळ सहज वाचता आली. ०.९ टक्क्याच्या नळीतून काहीही वाचता आले नाही.

मधली नळी मात्र अंदाजाप्रमाणे वागली नाही. माणसाच्या पेशी साधारण ०.५ ते ०.४५ टक्क्यांपर्यंत तग धरतात, म्हणून ०.६ मध्ये काही होणार नाही असे मी मुलांना आधीच सांगून बसलो होतो. तळाशी पेशी बसल्या खऱ्या, पण वरचे पाणी स्पष्ट तांबडे होते. द्रावण पुन्हा तोलून केले, पुन्हा तेच. शिळ्या रक्तामुळे असे झाले असेल म्हणावे, तर ०.९ च्या नळीतील वरचे पाणी जवळजवळ रंगहीन होते.

काचपट्टीवर पाहिल्यावर उलगडा झाला. बकऱ्याच्या पेशी फारच लहान आहेत. व्यास साधारण ३ ते ४ मायक्रॉन, माणसाच्या पेशीच्या निम्मा. त्यांच्या मध्ये फिकट भाग जवळपास दिसतच नाही, म्हणजे खळगा अगदी उथळ आहे. पाणी आत शिरू लागले की पेशी फुगत फुगत गोल होते, आणि गोल झाल्यावर तिला फुगायला वाव उरत नाही. ज्या पेशीचा खळगा खोल, तिला गोल होण्यास वेळ लागतो. बकऱ्याच्या पेशीजवळ ती शिल्लकच थोडी. पाळीव जनावरांत बकरीच्या लाल पेशी या बाबतीत सर्वांत नाजूक समजल्या जातात. दुसऱ्या टोकाला उंट आहे : त्याच्या चपट्या लंबगोल पेशी मूळच्या दुपटीहून अधिक फुगल्या तरी फुटत नाहीत, आणि म्हणून कोरडा पडलेला उंट एका दमात भरमसाट पाणी पिऊ शकतो.

पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या नळीत आहे.

२७ जुलै, शनिवार

आज फळ्यावर गणित केले. माणसाच्या लाल पेशीचे पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस मायक्रॉन असते. ९० घनमायक्रॉन आकारमानाचा गोल घेतला, तर त्याचा व्यास सुमारे ५.६ मायक्रॉन आणि पृष्ठफळ ९७ चौरस मायक्रॉन निघते. म्हणजे पेशीजवळ गरजेपेक्षा जवळजवळ चाळीस टक्के अधिक पटल आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर १३५ चौरस मायक्रॉन पटलाच्या पिशवीत १४७ घनमायक्रॉन माल मावला असता, आणि पेशीने त्यात ९० च भरला आहे. पोते पूर्ण भरले नाही की त्याला खळगे पडतात. पेशीचा खळगा हा त्याच जातीचा आहे.

पाठ्यपुस्तकातील वाक्याशी माझे भांडण येथे आहे. चपटेपणामुळे ऑक्सिजनला लाभ होतो, यात शंका नाही. गोलाच्या केंद्रापासून पटल २.८ मायक्रॉन दूर असते. चकतीत कोणताही हिमोग्लोबिनचा रेणू पटलापासून साधारण सव्वा मायक्रॉनच्या आतच सापडतो, आणि अंतर निम्मे झाले की विसरणाला (रेणू आपोआप पसरत जाण्याला) लागणारा वेळ चौथाईवर येतो. परंतु ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी आधी पेशी तेथे पोहोचली पाहिजे. केशवाहिन्यांचा व्यास अनेक ठिकाणी ५ मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. ५.६ मायक्रॉनचा फुगलेला गोल तेथे बुचासारखा अडकेल. ७.५ मायक्रॉनची चकती मात्र दुमडून, छत्रीसारखी किंवा गोळीसारखी होऊन, भिंतींना घासत पार होते, कारण शिलकी पटलामुळे तिला आकारमान न बदलता आकार बदलता येतो. तसे घासून जाण्यात ऑक्सिजनचे शेवटचे अंतरही अगदी कमी उरते. म्हणून माझ्या मते अधिकच्या पृष्ठफळाचा पहिला उपयोग वाकण्यासाठी आणि दुसरा शोषण्यासाठी, असा क्रम लिहावयास हवा.

याची खरी परीक्षा प्लीहेत, म्हणजे जुन्या रक्तपेशी गाळणाऱ्या पोटातील अवयवात, होते. तेथे रक्ताला सुमारे एक मायक्रॉन रुंदीच्या फटींतून जावे लागते. वय झालेली पेशी थोडेथोडे पटल गमावून गोलसर आणि ताठ होत जाते. ती या फटीत अडते आणि भक्षक पेशी तिला उचलतात. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या विकारात पेशी तरुणपणीच गोल असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन निर्दोष असते, ऑक्सिजनही ते नीट धरते, तरीही त्या पेशी प्लीहेत अडकून लवकर नष्ट होतात आणि रुग्णाला रक्तक्षय होतो.

हे सगळे झाल्यावर कोपऱ्यातल्या लगद्याच्या चकतीकडे पाहिले. तिच्यावर पांढरी बुरशी आली आहे. बुरशी पुसता आली असती. पण आमची चकती कडक आहे, आणि जी गोष्ट दाखवायची ती तिच्यातून दिसणारच नाही. ती मोडीत काढली. मुलांना वाईट वाटले, सांगाडा बांधणाऱ्या मुलाला जास्त.

३ ऑगस्ट, शनिवार

नवी प्रतिकृती म्हणजे पिशवी. पृष्ठफळ १.३५ चौरस मीटर, आत ९० लिटर भराव. भरावासाठी शाळेच्या वाचनालयातील फाटक्या बीनबॅगचे थर्मोकोलचे मणी मिळाले. ते बादलीने मोजून भरले.

कापडाबाबत पहिली चूक झाली. आम्ही टी-शर्टचे ताणले जाणारे कापड आणले होते. पेशीचे पटल सहज वाकते, पण त्याचे क्षेत्रफळ फारसे ताणले जात नाही. तीन-चार टक्क्यांहून अधिक ताण पडला की ते फाटते. ताणणारे कापड वापरले असते, तर शिलकी पटलाची गरज का पडते हेच लपले असते. शेवटी दादरहून छत्रीचे कापड आणले. ते वाकते, ताणत नाही, आणि काळ्याऐवजी लाल रंगात मिळाले.

पटल एकटे काही टिकत नाही. त्याच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचीक प्रथिनांची जाळी असते. अॅक्टिनच्या आखूड तुकड्यांशी तिच्या गाठी बसतात आणि अँकायरिनसारखी प्रथिने ती जाळी पटलाला बांधून ठेवतात. दाबलेली पेशी सोडल्यावर पुन्हा चकती होते, त्यात या जाळीचा मोठा वाटा आहे. दोन गाठींतील अंतर साधारण ७० नॅनोमीटर धरले, तर आमच्या प्रमाणात ७ मिलिमीटर होते. वरळी कोळीवाड्यात राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी डोल जाळ्याच्या टोकाकडील बारीक विणीचा तुकडा दिला आणि त्यात गाठ ते गाठ अंतर ७ ते ८ मिलिमीटरच भरले. एकच उणीव आहे. आजोबांच्या जाळ्यात प्रत्येक गाठीपासून चार धागे निघतात, पेशीच्या जाळीत बहुतेक गाठींपासून सहा. हे तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहायचे.

१० ऑगस्ट, शनिवार

केशवाहिनी म्हणून मुलांच्या सायकलची आरे काढलेली रिम घेतली आहे. आतला व्यास ३८ सेंटिमीटर, म्हणजे ३.८ मायक्रॉन. तुलनेसाठी ५५ सेंटिमीटर व्यासाचा व्यायामाचा हवा भरलेला चेंडू आणला, कारण ९० लिटरच्या गोलाचा व्यास जवळजवळ तेवढाच येतो. चेंडू रिमवर नुसता बसून राहिला. पिशवी अर्धी पार झाली आणि शिवण उसवली. प्रयोगशाळेभर मणी झाले. ते गोळा करण्यात तास गेला आणि ओल्या बुटांना चिकटून काही घरीही गेले असतील. जाळे कडेच्या शिवणीत धरलेच नव्हते, नुसते आत सोडले होते. स्फेरोसायटोसिसमध्ये दोष बहुधा याच जोडणीच्या प्रथिनांत असतो, हे मणी वेचता वेचता सांगून झाले.

१४ ऑगस्ट, बुधवार

तक्त्याचा मजकूर तपासला. पटलाच्या बाहेरील शर्करासाखळ्यांविषयी एक परिच्छेद मुलींनी लिहिला आहे. ए, बी, ओ हे रक्तगट या साखळ्यांवरून ठरतात. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांच्या पेशींवर सर्वसामान्य ओ गटातही असणारा एच प्रतिजन (रक्तगटाची खूण असलेली साखळी) नव्हता. त्या गटाला बॉम्बे रक्तगट हे नाव पडले. अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही. एच नसलेली पेशी ऑक्सिजन मात्र इतर पेशींसारखाच वाहून नेते, त्यामुळे हा परिच्छेद आमच्या प्रश्नाच्या थोडा बाहेर पडतो. तरी परळच्या शाळेच्या तक्त्यावरून तो काढून टाकणे मला जमले नाही. आकार लहान करून खालच्या कोपऱ्यात घेतला आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

जाळे शिवणीत धरून, दुहेरी टाके घालून पिशवी पुन्हा शिवली. आज ती रिममधून सात वेळा आरपार गेली. पाचवीतल्या एका मुलानेही ती ओढून काढली. बाहेर आल्यावर थोडी हलवली की ती पुन्हा पसरट होते, मात्र खळगा दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. पेशीइतकी शिस्त आमच्या शिवणकामात नाही.

सर्वांत अरुंद रिम किती चालेल, हे गणिताने काढून पाहिले. ९० लिटर आणि १.३५ चौरस मीटर हे दोन्ही आकडे कायम ठेवून पिशवीचा लांब सॉसेजसारखा आकार केला, तर तिचा व्यास २८ सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ शकत नाही. म्हणजे खऱ्या पेशीसाठी सुमारे २.८ मायक्रॉन. त्याहून अरुंद नळीत तिला पटल फाडल्याशिवाय जाता येणार नाही. प्लीहेची फट याहूनही अरुंद असली तरी ती आखूड आहे, त्यामुळे पेशी एका वेळी थोडीथोडी सरकत पार होते.

मग एका विद्यार्थिनीने बकऱ्याचे काय, असे विचारले. बकऱ्याच्या पेशीचे आकारमान २० घनमायक्रॉनच्या आसपास असते. लाखपटीने २० लिटर, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा एक जार. तिचा पूर्ण फुगलेला गोल केला तरी व्यास ३४ सेंटिमीटरच्या आतच राहतो. तो न दुमडता, जसाच्या तसा, ३८ च्या रिममधून जाईल. बकऱ्याच्या पेशीजवळ शिलकी पटल थोडे का, त्याचे हे एक कारण असावे असा माझा कयास आहे. छत्रीचे कापड उरले आहे आणि मणीही पुरतील. सोमवारी बकऱ्याची पिशवी शिवायला घ्यायची, आणि रिमची धार जेथे बोटाला लागते तेथे जुन्या ट्यूबची पट्टी बसवायची.